गाडी तापते कशाने, हे आधी शोधा. पार्ट मग बदला

मार्च उजाडला की वाचकांकडून एकाच तऱ्हेचे प्रश्न येऊ लागतात. गाडी दहा-पंधरा वर्षांची असते: मारुती, सँट्रो, इंडिका, नाहीतर बोलेरो. गावात ठीक चालते, पण खंबाटकी किंवा कसारा चढताना काटा लाल पट्ट्याला टेकतो. एका गॅरेजने रेडिएटर बदललेला असतो, दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो आणि तिसरा म्हणत असतो, ‘हेड उघडावं लागेल.’ खिसा रिकामा होतो, गाडी तापायची मात्र थांबत नाही. मग आता नेमकं करायचं काय?

दोन गोष्टी नीट पाहा. गाडी तापते कधी आणि तिच्यातलं पाणी जातं कुठे. एवढं कळलं की संशयाचे आठ-दहा पार्ट एक-दोनवर येतात. त्यानंतरची तपासणी स्वस्त गोष्टींपासून महाग गोष्टींकडे न्यायची. हा क्रम पाळलात, तर निम्मा खर्च आणि मनस्ताप वाचेल.

रस्त्यातच काटा चढला तर

1. एसी ताबडतोब बंद करा. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. उकडेल, पण हीटरही इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढतो.
2. डावीकडे सुरक्षित जागी थांबा. चारही इंडिकेटर लावा आणि त्रिकोण मागे लांब ठेवा. महामार्गावर असाल तर माणसांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही आणीबाणीत ११२ या क्रमांकावर मदत मिळते.
3. काटा लालमध्ये असेल, वाफ निघत असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर इंजिन लगेच बंद करा. ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ म्हणून ओढलेल्या त्या दोन-तीन किलोमीटरमध्येच ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.
4. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि ते थेट चेहऱ्यावर उडतं. पाऊण तास तरी थांबा. वरचा होस पाइप हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच जाड फडकं धरून कॅप अर्धी फिरवा, दाब जाऊ द्या आणि मग काढा.
5. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका आणि इंजिनवरही मारू नका. गरम धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते सुरू करून मंद चालू ठेवा आणि थोडं थोडं पाणी घाला.
6. भरलेलं पाणी तितक्याच वेगाने गळत असेल किंवा काटा लगेच परत चढत असेल, तर गाडी टो करून न्या. टोचा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ असतो.

एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. वर गेलेला काटा अचानक खाली पडला, तर गाडी निवली असं समजू नका. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगू लागतो. वाफेचा वास येतोय, हीटरमधून गार हवा येतेय आणि काटा मात्र खाली आहे, असं दिसलं तर इंजिन तिथेच बंद करा. काही छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे लगेच थांबायची वेळ झाली.

तापते कधी? आधी हे लिहून काढा

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी पुढच्यापैकी आपली गाडी कशात बसते ते ठरवा.

- सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर निवते: संशय फॅनवर. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो. उभी असताना रेडिएटरला वारा फक्त फॅन देतो.
- घाटात किंवा ८०-९० च्या वेगाला तापते, गावात ठीक असते: रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला, पाणी कमी किंवा वॉटर पंप कमजोर.
- थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला, पाणी फार कमी किंवा पाइपमध्ये हवा अडकलेली.
- एसी लावल्यावरच तापते: एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कचरा किंवा फॅनचा वेग कमी.
- काटा वर-खाली नाचतो, पाणी रोज कमी होतं: गळती, एअर लॉक किंवा हेड गॅस्केट.
- रेडिएटर, पंप, फॅन सगळं बरोबर आहे, तरी तापते: ब्रेक जाम आहेत का, क्लच घसरतोय का, इंजिन ऑइल कमी आहे का, हे पाहा. इंजिनवर विनाकारण ओझं असेल तर कूलिंग दोषी नसतं.

थंड इंजिनवर घरच्या घरी

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर ही तपासणी करा. चावी काढून खिशात ठेवा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी इलेक्ट्रिक फॅन अचानक फिरू शकतो.

पाण्याची पातळी रेडिएटरमध्येच पाहा. फक्त प्लास्टिकच्या बाटलीवर विसंबू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं जुन्या गाड्यांत हमखास आढळतं. इंजिन तापलं की जादा पाणी कॅपमधून बाटलीत जातं आणि निवलं की तेच परत ओढलं जातं. कॅप खराब झाली की पाणी बाहेर जातं, परत मात्र येत नाही. रेडिएटरवर कॅपच नसेल, फक्त बाटलीच दाबाची असेल, तर बाटलीवरच्या खुणा पाहा.

कॅप नीट निरखा. खालच्या बाजूचं रबर चिरलंय का, कडक झालंय का? मधली छोटीशी चकती बोटाने ओढल्यावर उघडते आणि सोडल्यावर घट्ट बसते का? ती चकती अडकली की निवताना आत पोकळी होते आणि वरचा होस पाइप चपटा पडतो. सकाळी असा चपटा पाइप दिसला, तर पहिला संशय कॅपवर घ्या. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. नवी कॅप त्याच आकड्याची आणि त्याच मापाची घ्या.

या कॅपचं काम कुकरच्या शिट्टीसारखं आहे. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांना उकळतं. कॅप दाब धरत नसेल तर समुद्रसपाटीला ते १०० अंशांना उकळतं आणि महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच. गावात कधी न तापणारी गाडी वर चढल्यावर उकळते, त्यामागे कधीकधी काही शे रुपयांची ही कॅप असते.

होस पाइप दाबून पाहा. पाइप लोण्यासारखा मऊ, दगडासारखा कडक, फुगलेला किंवा क्लिपपाशी चिरलेला असेल, तर बदला. खालचा पाइपही विसरू नका. तो मऊ पडला असेल तर पंपाच्या ओढीने वेगात आत दबतो आणि पाणी अडवतो.

पट्टा पाहा. वॉटर पंप फॅन बेल्टवर चालत असेल, तर पट्टा ढिला, चकाकणारा किंवा चिरलेला नको.

समोरून टॉर्च मारा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, गवत, किडे आणि चिखल जमून नमदा तयार होतो. इंजिनच्या बाजूने पुढे, असं कमी दाबाचं पाणी मारून तो धुवा. प्रेशर गन जवळून मारली तर नाजूक पत्रे आडवे पडतात आणि वारा कायमचा अडतो.

गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेलं असेल तर रिड्यूसरकडे जाणारे पाण्याचे पाइप तपासा. रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरवलेलं असतं. त्यासाठी हीटरच्या पाइपला मध्येच टी-जोड दिलेले असतात आणि तिथल्या क्लिपा हमखास पाझरतात.

इंजिन तापताना करायच्या तपासण्या

कॅप लावून इंजिन सुरू करा. सैल बाही, ओढणी, मफलर पट्ट्यापासून दूर ठेवा.

1. वरच्या पाइपवर लक्ष ठेवा. सुरुवातीला तो थंड असायला हवा. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. नेमका आकडा व्हॉल्व्हवरच कोरलेला असतो. तो उघडला की पाइप एकाएकी गरम होतो. काटा मध्याच्या वर गेला आणि वरचा पाइप अजून गारच असेल, तर थर्मोस्टॅट अडकलाय, पाणी फिरत नाहीये किंवा हवा अडकलीय.
2. फॅन लागतो का? काटा मध्याच्या थोडा वर जाईपर्यंत तो लागायला हवा. लागला नाही तर एसी सुरू करा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचाही फॅन फिरतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सर, रिले किंवा त्यांची वायर पाहा. दोन्ही वेळा फिरत नसेल तर फ्यूजपासून सुरुवात करा, मग मोटर. सेन्सर खराब असताना पुष्कळदा मोटरच बदलली जाते.
3. फॅन फिरतो, पण वारा पुरेसा आहे का? जुनी मोटर फिरते, पण दमाने. पाती तुटलेली, आच्छादन गायब किंवा वायर उलटी जोडल्यामुळे वारा पुढे फेकणारा फॅन, हे सगळं पाहण्यात येतं. रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर कागद धरा. तो जाळीला चिकटून राहायला हवा.
4. फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरत असेल तर (जुन्या सुमोसारख्या काही डिझेल गाड्यांत तसा असतो) मधलं व्हिस्कस कपलिंग तपासा. गरम इंजिन बंद करून, चावी काढून फॅन हाताने ढकला. तो पूर्ण मोकळा गरगरला, तर कपलिंग थकलंय.
5. वरचा आणि खालचा पाइप ताडून पाहा. वरचा चटका देणारा आणि खालचा जवळजवळ गार, तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. गॅरेजमध्ये इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रेडिएटरभर फिरवून घ्या. मधले गार पट्टे म्हणजे बंद नळ्या.

थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा आणि थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला, तर तो निर्दोष आहे. ते पातेलं स्वयंपाकाला परत वापरू नका.

पाणी जातं कुठे?

बंद कूलिंगमध्ये महिनोन्महिने पाणी घालावं लागू नये. दर आठवड्याला अर्धा लिटर लागत असेल, तर ते कुठून तरी जातंय.

- खाली पडतंय: रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा. सकाळी ओला डाग कुठे आहे त्यावरून जागा कळते. एसीचं पाणी रंगहीन आणि बिनवासाचं असतं. कूलंट रंगीत, किंचित चिकट आणि गोडसर वासाचं.
- वॉटर पंपातून पाझरतंय: पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो. चालू गाडीत तो गरम धातूवर सुकतो आणि जमिनीवर काहीच दिसत नाही. छिद्राखाली पांढरट किंवा हिरवट-लालसर खपली दिसली, तर पंप बदलायची वेळ आली. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर पट्टा आणि पंप एकाच वेळी बदला. मजुरी एकदाच पडेल.
- गाडीत येतंय: डाव्या सीटपुढची सतरंजी चिकट ओली आणि काचेवर तेलकट धुकं असेल, तर हीटरची जाळी गळतेय.
- इंजिनात जातंय: बाहेर कुठेच खूण नाही, तरी पाणी संपतं. मग संशय हेड गॅस्केटवर.

गळती सापडत नसेल तर रेडिएटर प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनवर कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरतात. काही मिनिटांत काटा उतरला, तर गळती आहेच.

हेड उघडण्याआधी खात्री करा

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा अशा: थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच होस दगडासारखा कडक होणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, सकाळी एक सिलिंडर चुकणं. मात्र फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस असेल, तर घाबरू नका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत दमटपणामुळेही तो जमतो.

एका खुणेवर हेड उघडू देऊ नका. आधी या चाचण्या मागा:

- ब्लॉक टेस्ट: रेडिएटरमधली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. इंजिनचा जळका गॅस असेल तर द्रव पिवळा पडतो.
- कॉम्प्रेशन टेस्ट: शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब इतरांपेक्षा फार कमी असेल, तर मधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता दाट.

हेड उघडलंच, तर ते सरळपट्टी आणि फीलर गेज लावून वाकलंय का ते मोजून घ्या. वाकलं असेल तर लेथवर फेसिंग, तडा असेल तर दाबाखाली तपासणी. न मोजता नुसतं नवं गॅस्केट टाकलं, तर ते परत जातं. हेडचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळले जायला हवेत.

या चुका टाळा

- थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘आपल्याकडे उन्हाळ्यात लागतच नाही’ हा सल्ला चुकीचा आहे. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाण्याचा आडमार्ग उघडा राहून रेडिएटरकडे कमी पाणी जातं आणि गाडी जास्तच तापते.
- फॅन थेट स्विचवर जोडणं. घरी पोचायला ठीक. कायमची दुरुस्ती म्हणून नको. स्विच लावायचं एकदा विसरलं की इंजिन गेलं.
- बोअरवेलचं पाणी भरत राहणं. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.
- गळती बंद करणारी पावडर. ती छिद्राबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.
- पाणी बदलल्यावर हवा न काढणं. हीटर गरमवर ठेवून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा. निवल्यावर पातळी परत पाहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो वापरा.

कूलंट कोणतं, किती?

रंगावरून निवड करू नका. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. डबा तयार मिश्रणाचा आहे की कॉन्सन्ट्रेट, हे लेबलवर वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाण्यात, लेबलवरच्या प्रमाणात मिसळा. निम्मं-निम्मं हे प्रमाण सर्रास चालतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तरी कूलंट लागतंच. ते गंज रोखतं आणि उकळायचं तापमान वाढवतं. शेवटचं कधी बदललं ते माहीतच नसेल, तर रेडिएटर फ्लश करून नवं भरा.

बहुतेक कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून ते दूर ठेवा आणि जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका.

गॅरेजमध्ये तुमचे हक्क

- काम सुरू होण्याआधी जॉब कार्ड आणि लेखी एस्टिमेट घ्या. त्यात तक्रार तुमच्या शब्दांत लिहा: ‘रेडिएटर बदलणे’ नको, ‘ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांत तापते’ असं लिहा. पार्ट बदलूनही तक्रार तशीच राहिली, तर बोलायला आधार राहतो.
- खर्च वाढणार असेल तर आधी विचारा असं जॉब कार्डवरच नमूद करा.
- जुने पार्ट परत द्या, हे सुरुवातीलाच सांगा.
- बिल मागा. बिल किंवा पावती द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पार्ट आणि मजुरी वेगवेगळी दाखवून घ्या आणि दोन्हींची वॉरंटी लिहून घ्या.
- सदोष काम ही सेवेतील त्रुटी आहे. आधी लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

विम्याचं काय?

साधी मोटर पॉलिसी यांत्रिक बिघाड आणि झीज भरून देत नाही, त्यामुळे नुसतं तापून गेलेलं इंजिन तिच्यात बसत नाही. अपघातात किंवा दगड लागून रेडिएटर फुटला, तर तो दाव्यात बसू शकतो. पण तशीच गाडी पुढे चालवून इंजिन गेलं, तर ते वाढीव नुकसान तुमच्या माथी. म्हणून थांबा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि टो मागवा. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का, हे प्रवासाआधीच पाहून ठेवा.

दुरुस्ती करायची की गाडी काढायची?

कॅप, होस, थर्मोस्टॅट, फॅन, पंप किंवा रेडिएटर इथपर्यंतचं काम असेल, तर बॉडी शाबूत असलेल्या गाडीवर खर्च जरूर करा. हेडपर्यंत प्रश्न गेला असेल, तर तीन आकडे शेजारी मांडा: हेडचं पूर्ण काम, गाडीची आजची बाजारातली किंमत आणि पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च. खासगी गाडीचं हे नूतनीकरण फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी होतं. दुरुस्तीचा आकडा किमतीच्या निम्म्यापुढे जात असेल आणि तळाला गंजही असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा भाव विचारा. बॉडी निरोगी असेल आणि इंजिनचं ऑइल, कॉम्प्रेशन चांगलं असेल, तर एकदा नीट केलेलं हेडचं काम पुढे कित्येक वर्षं साथ देतं.

येत्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, कॅप उघडून रेडिएटरमधली पातळी पाहा आणि कॅपचं रबर तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन कोकणात उतरण्याआधी ते झालेलं असू द्या.